इंग्रजीतला ‘अप’ फ्रेंचमध्ये लोंबकळत राहतो: काय, कुठे आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

इंग्रजीतून फ्रेंचमध्ये केलेली भाषांतरं तपासताना एकच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. व्याकरण ठीक असतं, शब्द शब्दकोशातले असतात, स्पेलिंगही बरोबर असतं. तरी फ्रेंच वाचक मध्येच थबकतो. बहुतेक वेळा दोष फ्रेजल व्हर्बचा (क्रियापद आणि ‘अप’, ‘आउट’सारखा छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणारी जोडी) असतो, नाहीतर वाक्प्रचाराचा. खाली दिलेला तपासण्यांचा क्रम फुकट आणि मिनिटभराच्या कामापासून वेळखाऊ कामापर्यंत जातो. फ्रेंच शब्द उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या देवनागरीत दिले आहेत. लिहिताना स्पेलिंग शब्दकोशातूनच घ्या.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचा.

– फ्रेंच वाक्यात ‘आं ओ’ (वर), ‘दऑर’ (बाहेर) किंवा ‘आं आर्येर’ (मागे) असे शब्द आहेत, पण प्रसंगात वर, बाहेर, मागे कुणीच जात नाहीये.
– ‘शेर्शे’ (शोधणं), ‘आतांद्र’ (वाट बघणं), ‘दमांदे’ (मागणं) यांच्यामागे ‘पूर’ (-साठी) चिकटलं आहे.
– वाक्य ‘आ’ (-ला), ‘द’ (-चा) किंवा ‘आव्हेक’ (-सोबत) यावर संपतंय आणि पुढे काहीच नाही.
– हालचालीचं वाक्य ‘कुरीर’ (धावणं) किंवा ‘मार्शे’ (चालणं) या क्रियापदावर उभं आहे, आणि रस्ता, नदी, दार हे सगळं मागून फरफटत येतंय.
– कुत्री, मांजरी, डुकरं अचानक अवतरली आहेत.
– अर्थ कळतो, पण कार्यालयीन पत्र मित्राला लिहिल्यासारखं वाटतं. किंवा उलट.

पहिली चार लक्षणं असतील तर पहिल्या चार तपासण्यांत काम भागतं. शेवटच्या दोन लक्षणांना वेळ द्यावा लागतो.

१. जोडी फोडली आहे का?

सगळ्यात स्वस्त तपासणी. मूळ इंग्रजी वाक्यात क्रियापदाला चिकटलेला छोटा शब्द शोधा: अप, डाउन, ऑफ, आउट, ओव्हर, आफ्टर, फॉर. मग फ्रेंच वाक्यात त्या छोट्या शब्दासाठी वेगळा शब्द आलाय का ते बघा. आला असेल तर तो बहुधा तिथे नको आहे.

‘गिव्ह अप’मध्ये देणंही नाही आणि वरही नाही. फ्रेंचमध्ये ते ‘आबांदोने’ होतं, बोलताना ‘लेसे तोंबे’ (म्हणजे शब्दशः पडू देणं), आणि सिगारेट सोडायची असेल तर सरळ ‘आरेते द फ्युमे’. ‘पुट अप विथ’ या तीन शब्दांचं फ्रेंच एका शब्दात संपतं: ‘स्युपोर्ते’. ‘गेट अलाँग’ म्हणजे ‘सांतांद्र’, ‘लुक आफ्टर’ म्हणजे ‘सॉक्युपे द’.

शब्दकोशात शोधताना ‘गिव्ह’ शोधून मग ‘अप’ शोधू नका. अख्खी जोडी शोधा. हे फार प्राथमिक वाटेल, पण गडबड इथेच होते. लांब वाक्यात जोडीच्या मध्ये कर्म येऊन बसतं आणि छोटा शब्द पाच-सहा शब्द पुढे जाऊन पडतो. मग डोळ्याला ती जोडी वाटतच नाही.

२. कर्म कोण आहे?

जोडी ओळखली, शब्दकोशही उघडला, आणि समोर आठ अर्थ आले. पहिला उचलायचा मोह आवरा. फ्रेंच क्रियापद कोणतं, हे बऱ्याचदा कर्म किंवा कर्ता ठरवतो.

‘ब्रेक डाउन’ घ्या. गाडी असेल तर ‘तोंबे आं पान’. माणूस असेल आणि रडत असेल तर ‘फोंद्र आं लार्म’. ताणानं कोलमडला असेल तर ‘क्राके’. हिशेबातला खर्च बाबवार वेगळा करायचा असेल तर ‘व्हांतिले’. चारही ठिकाणी इंग्रजी तेच आहे. ‘टर्न डाउन’ आवाजाला ‘बेसे’, प्रस्तावाला ‘रफ्युझे’. ‘टेक ऑफ’ विमानाला ‘देकोले’, कोटाला ‘आंल्वे’. ‘टर्न ऑन’ दिव्याला ‘आल्युमे’, पण नळाला ‘उव्रीर’, म्हणजे नळ उघडायचा.

कर्म नसलेल्या सुट्या ओळी सर्वात धोक्याच्या. ॲपमधली बटणं, मेनू, उपशीर्षकांची एखाद-दुसरी ओळ. मशीन भाषांतर पूर्ण वाक्यातल्या नेहमीच्या फ्रेजल व्हर्ब आता बऱ्यापैकी ओळखतं. पण नुसतं ‘चेक आउट’ दिलं तर ते हॉटेल सोडणं आहे की दुकानातली ऑर्डर पक्की करणं, हे त्यालाही कळायला मार्ग नाही. ‘बॅकअप’ नाम आहे की क्रियापद? फ्रेंचमध्ये त्यावरून ‘सोव्हगार्द’ किंवा ‘सोव्हगार्दे’ ठरतं. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा ती ओळ पडद्यावर कुठे येते, हे विचारून घ्या. तो प्रश्न विचारायला काही पडत नाही.

३. मराठीत एका क्रियापदात सांगता येतं का?

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याकडे हे अवजारच नसतं. आपल्याकडे आहे आणि आपण ते वापरत नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांनी हालचाल कशी सांगतात यावरून भाषांचे दोन गट मांडले. इंग्रजीत क्रियापद हालचालीची रीत सांगतं (धावणं, पोहणं, लंगडणं) आणि दिशा छोट्या शब्दावर सोपवली जाते. फ्रेंच नेमकं उलट करतं: दिशा मुख्य क्रियापदात, रीत मागाहून. जाँ-पोल व्हिने आणि जाँ दार्बेलने यांनी १९५८मध्ये फ्रेंच-इंग्रजी तुलना करताना या अदलाबदलीला ‘शासे-क्र्वाझे’ हे नाव दिलं.

आता मराठी बघा. आपण म्हणतो, ‘तिनं धावत रस्ता ओलांडला’. फ्रेंच म्हणतं, ‘एल आ त्राव्हेर्से ला र्यु आं कुरां’. ओलांडणं मुख्य, धावणं जोडीला. ‘तो पोहत नदी पार करून गेला’ हे ‘त्राव्हेर्से ... आ ला नाज’. ‘लंगडत बाहेर आला’ हे ‘सॉर्तीर आं ब्वातां’. ‘लाथ मारून दार उघडलं’ हे ‘उव्रीर ला पोर्त दं कू द प्ये’. सांगाडा जवळपास आपलाच आहे. म्हणून हालचालीचं इंग्रजी वाक्य आधी सहज मराठीत बोलून बघा. मराठीत जे मुख्य क्रियापद येईल, तेच फ्रेंचमध्येही मुख्य ठेवा.

रीत दरवेळी लिहायलाच हवी असं नाही. इंग्रजीत कुणी ‘वॉक इन’ झालं तर फ्रेंचमध्ये ‘आंत्रे’ एवढंच पुरतं; आपणही ‘चालत आत आला’ असं उगाच म्हणत नाही. आणि ओलांडणं नसेल, नुसतं कुठपर्यंत तरी धावणं असेल, तर ‘कुरीर जुस्का’ (-पर्यंत धावणं) चालतं. मात्र घराबाहेरून आत धावत येण्यासाठी ‘कुरीर दां ला मेझों’ लिहिलंत, तर फ्रेंच वाचक समजेल की तो घरातल्या घरात पळापळ करतोय.

दुसरा फायदा ‘अप’च्या एका खास वापरात होतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांत ‘अप’ दिशा दाखवत नाही, काम पूर्ण झालं एवढंच सांगतो. आपण तेच ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’, ‘संपवून टाक’ असं म्हणतो, आणि त्या ‘टाक’चा अर्थ फेकणं असा कुणी घेत नाही. फ्रेंचमध्ये ही पूर्णता दुसरीकडून येते: ‘तू’ (सगळं) हा शब्द किंवा ‘फिनीर’ (संपवणं) हे क्रियापद. ‘सगळं दूध पिऊन टाकलं’ म्हणजे ‘इल आ ब्यु तू ल ले’. जिथे मराठीत ‘टाकणं’ किंवा ‘जाणं’ जोडावंसं वाटतं, तिथे फ्रेंचमध्ये ‘वर’ शोधत बसू नका.

तिसरा फायदा चतुर्थीचा. ‘आय मिस यू’चं ‘ज त मांक’ हे जुनं दुखणं आहे. त्याचा अर्थ नेमका उलटा होतो: तुला माझी उणीव भासते. मराठीत ‘मला तुझी आठवण येते’ असं म्हणून बघितलं की ‘मला’ कुठे जातं ते लगेच दिसतं: ‘त्यु म मांक’. ज्याला आठवण येते तो कर्ता नाही.

मात्र मराठी फक्त अर्थ आणि सांगाडा शोधण्यासाठी. मराठी वाक्प्रचार उचलून फ्रेंचमध्ये बसवला तर बिघाड तोच, फक्त दुसऱ्या दारानं आत आलेला. आपण डोकं खातो. फ्रेंच लोक वैतागले की समोरचा पाय मोडतोय असं म्हणतात, ‘त्यु म कास ले प्ये’.

४. शेपटी: शब्दयोगी, सर्वनाम, सहायक क्रियापद

योग्य क्रियापद मिळालं तरी इंग्रजीची शेपटी मागे राहते. ‘लुक फॉर’, ‘वेट फॉर’, ‘आस्क फॉर’, ‘लुक ॲट’, ‘लिसन टू’ या पाचांमागच्या छोट्या शब्दाला फ्रेंचमध्ये जागा नाही: ‘शेर्शे’, ‘आतांद्र’, ‘दमांदे’, ‘रगार्दे’, ‘एकुते’ हे सगळे थेट कर्म घेतात. जेवणाचे पैसे द्यायचे तर ‘पेये ल रपा’, मध्ये ‘पूर’ नाही. दुसऱ्या माणसाच्या वतीनं पैसे भरले तर ‘पूर’ येतं.

खात्रीसाठी कर्माच्या जागी सर्वनाम घालून बघा. ‘ज ल शेर्श’ म्हणजे मी त्याला शोधतोय. इथे ‘ल’ क्रियापदाच्या आधी नीट बसतं, म्हणजे कर्म थेट आहे. ‘सॉक्युपे द’ला हे चालत नाही, तिथे ‘ज मॉक्युप देल’ असंच म्हणावं लागतं. सर्वनाम बसवताना अडलात तर शब्दकोशातली उदाहरणवाक्यं वाचा, नुसता अर्थ वाचून उठू नका. ‘पांसे’बाबत तर शब्दयोगी बदलला की अर्थच बदलतो: ‘पांसे आ’ म्हणजे मनात आणणं, ‘पांसे द’ म्हणजे मत असणं.

वाक्याच्या शेवटी सुटा राहिलेला शब्दयोगी इंग्रजीत खपतो. फ्रेंचमध्ये तो पुढे ओढून आणावा लागतो: जिच्याशी मी बोलतोय ती मुलगी, ‘ला फीय आ की ज पार्ल’. मराठीत ‘जिच्याशी’ जिथे येतं, तिथेच.

सहायक क्रियापदाचा घोळ (भूतकाळात ‘एत्र’चं ‘ए’ घ्यायचं की ‘आव्वार’चं ‘आ’) मुख्यतः ‘सॉर्तीर’, ‘मोंते’, ‘देसांद्र’, ‘रांत्रे’, ‘रतूर्ने’, ‘पासे’ या सहांत होतो, आणि ‘टेक आउट’, ‘ब्रिंग इन’ यांसारख्या जोड्यांचं भाषांतर करताना हीच क्रियापदं लागतात. ‘तो बाहेर गेला’ म्हणजे ‘इल ए सॉर्ती’. ‘त्यानं कचऱ्याचा डबा बाहेर काढला’ म्हणजे ‘इल आ सॉर्ती ला पुबेल’. आपलं ‘तो’ आणि ‘त्यानं’ इथे बऱ्यापैकी वाट दाखवतं: ‘त्यानं’ असेल तिथे ‘आव्वार’. फक्त जिना लक्षात ठेवा. मराठीत ‘तो जिना उतरला’, फ्रेंचमध्ये जिना कर्म असल्यामुळे ‘इल आ देसांद्यु लेस्काल्ये’.

५. वाक्प्रचार: चित्र तेच आहे का?

इथून पुढे काम महाग होतं. पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो.

वाक्प्रचाराचं भाषांतर करण्याआधी प्रश्न एकच: फ्रेंचमध्ये या अर्थासाठी ठरलेला वाक्प्रचार आहे का? असेल तर त्यातलं चित्र बहुधा वेगळं असतं. मुसळधार पावसात इंग्रजीत कुत्री-मांजरी पडतात, फ्रेंचमध्ये दोर: ‘इल प्लो दे कोर्द’. घसा बसला की इंग्रजीत तिथे बेडूक असतो, फ्रेंचमध्ये मांजर. कधीच न होणारी गोष्ट इंग्रजीत डुकरं उडतील तेव्हा होते, फ्रेंचमध्ये कोंबड्यांना दात फुटतील तेव्हा. इंग्रजीत शेवटच्या काडीनं उंटाची पाठ मोडते. फ्रेंचमध्ये शेवटच्या थेंबानं भांडं वाहू लागतं. गुपित फुटलं तर ‘व्हांद्र ला मेश’, भेटायला बोलावून स्वतःच आलं नाही तर ‘पोझे अं लापँ’, म्हणजे ससा ठेवणं. कुणाला न सांगता सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच रजा’ म्हणतात आणि फ्रेंच ‘फिले आ लांग्लेझ’, इंग्रजांसारखं सटकणं. दोघांनी आळ एकमेकांवर ढकलला आहे.

पण खरा धोका या रंगीत उदाहरणांत नाही. ती कुणालाही खटकतात आणि दुरुस्त होतात. धोका अर्धवट जुळणाऱ्यांत आहे. ‘एका दगडात दोन पक्षी’ फ्रेंचमध्येही दगडाचंच आहे, पण ‘फेर द्युन प्येर दो कू’मध्ये दोन घाव आहेत, पक्षी नाहीत; मराठी आणि इंग्रजी दोन्हींच्या सवयीनं ते आत शिरतात. त्याहून वाईट म्हणजे चित्र जुळतं आणि अर्थ वेगळा निघतो. इंग्रजीत हृदय बाहीवर असलेला माणूस भावना लपवत नाही. फ्रेंचमध्ये ‘ल कर स्युर ला मँ’, हृदय हातावर असलेला माणूस उदार असतो. जेवण झाल्यावर ‘पोट भरलं’ या अर्थी एखादी बाई ‘ज स्वी प्लेन’ म्हणाली तर शब्द बरोबर आहेत, पण फ्रेंचमध्ये ते गाभण जनावराबद्दल म्हणतात.

म्हणून उलट तपासणी करा. सापडलेला फ्रेंच वाक्प्रचार एकभाषी फ्रेंच शब्दकोशात शोधा आणि त्याची फ्रेंच व्याख्या वाचा. ‘त्रेझॉर द ला लांग फ्रांसेझ’ हा मोठा कोश ऑनलाइन फुकट आहे. त्याचे १६ खंड १९७१ ते १९९४ दरम्यान निघाले आणि त्याचा भर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या भाषेवर आहे. त्यामुळे अर्थासाठी भक्कम, पण एखादा प्रयोग आज तोंडात आहे की नाही हे तो सांगणार नाही. त्यासाठी चालू बातम्यांत तो वाक्प्रचार दिसतो का ते बघा. पावसात दोरांऐवजी भाले पाडणारा वाक्प्रचार कोशात सापडतो, पण तरुण पात्राच्या तोंडी घातला तर ते पात्र एकदम आजोबा होतं.

ठरलेला वाक्प्रचार सापडलाच नाही तर अर्थ साध्या शब्दांत लिहा. चपखल बसेल असा शोधण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा ‘आं फँ द कोंत’ (शेवटी, एकंदरीत) असं साधं काहीतरी बरं.

६. सूर आणि प्रदेश

इंग्रजी फ्रेजल व्हर्ब सहसा बोलण्यातले असतात. त्यांना पर्याय म्हणून सापडणारं फ्रेंच एकशब्दी क्रियापद पुष्कळदा पुस्तकी असतं. ‘गिव्ह अप’साठी ‘रनोंसे’ बरोबर आहे, पण दोन मित्रांच्या भांडणात ते भाषणासारखं वाटेल. तिथे ‘लेस तोंबे’. याउलट अर्जाच्या शेवटी ‘लुक फॉरवर्ड टू’साठी ‘जे आत द...’ (कधी एकदा... असं झालंय) लिहिलं तर फार सलगीचं होतं. तिथे ‘दां लातांत द व्होत्र रेपोंस’ (आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत) असा ठरलेला मायना असतो. आधी ‘त्यु’ (तू) की ‘व्हू’ (तुम्ही) ठरवा, बाकी बरंचसं आपोआप जागेवर पडतं.

प्रदेशही विचारा. प्रेमात पडणं फ्रान्समध्ये ‘तोंबे आमुरो’, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात ‘तोंबे आं नामूर’ सर्रास ऐकू येतं; प्रेम एकच, वाचक वेगळा. कॅनडात न्यू ब्रन्सविकच्या मॉन्क्टन भागातल्या शियाक बोलीत तर इंग्रजी ‘बॅक’ फ्रेंच क्रियापदामागे जसाच्या तसा येतो. ते तिथलं जिवंत बोलणं आहे, पण तुमच्या माहितीपत्रकात ‘कॉल बॅक’साठी ‘रापले’च हवं. कोणता इंग्रजी वळणाचा प्रयोग क्युबेकच्या प्रमाण लेखनात चालतो आणि कोणता नाही, यासाठी तिथल्या सरकारी भाषा कार्यालयाची ‘बाँक द देपानाज लँग्विस्तिक’ फार कामाची. ‘देपानाज’ म्हणजे बिघाडदुरुस्ती, तेव्हा या लेखाची ती सख्खी बहीणच.

इथे थांबा, व्यावसायिकाला बोलवा

करार. ‘सेट ऑफ’ रोजच्या भाषेत निघणं किंवा सुरू करून देणं. करारात मात्र परस्परांचं देणं वळतं करणं, फ्रेंच कायद्यातलं ‘कोंपांसास्यों’. कायद्याच्या मजकुरात ओळखीचा वाटणारा फ्रेजल व्हर्बच घात करतो, कारण तो कुणी शब्दकोशात बघत नाही. कायदेशीर भाषांतर करणाऱ्याकडेच द्या.

औषधांची पत्रकं, संमतिपत्रं, रुग्णाची लक्षणं. ‘ब्रिंग अप’ म्हणजे विषय काढणं, मूल वाढवणं आणि उलटीतून बाहेर टाकणंही. इथे अंदाज बांधायचा नाही.

फ्रान्समध्ये विकायच्या वस्तूची माहितीपुस्तिका आणि जाहिरात. ४ ऑगस्ट १९९४च्या तुबों कायद्यानं तिथे फ्रेंच मजकूर बंधनकारक आहे. घोषवाक्यात शब्दांचा खेळ असेल तर ते भाषांतर राहत नाही, नवं घोषवाक्य लिहिण्याचं काम होतं. त्याचा मोबदलाही वेगळा ठरवावा लागतो.

विनोद, आणि पुढच्या वाक्यांत तेच चित्र खेळवत नेणारा मजकूर. लेखकानं कुत्र्या-मांजरींचा पाऊस पाडला आणि पुढच्या ओळीत कुणाचा पाय मांजरीवर पडला, तर दोर पाडून चालत नाही. वरची एकही तपासणी इथे पुरत नाही.

सरकारी कामासाठी लागणारे दाखले. फ्रान्समध्ये त्यासाठी शपथबद्ध भाषांतरकार लागतो. अपील न्यायालयांच्या याद्यांत अशांची नावं असतात. क्युबेकमध्ये ‘त्राद्युक्तर आग्रेए’ ही संरक्षित पदवी आहे आणि ती तिथली व्यावसायिक संघटना देते. भाषांतर संस्थेकडे काम दिलंत तर ‘आयएसओ १७१००’ हे भाषांतर सेवांचं मानक पाळतात का ते विचारा. त्या मानकानुसार मूळ मजकुराशी ताडून बघण्याचं काम दुसऱ्या माणसानं करणं सक्तीचं आहे.

काम सोपवताना नुसती फाइल पाठवू नका. वाचक फ्रान्समधला की क्युबेकमधला, ‘त्यु’ की ‘व्हू’, कोणत्या ओळी पडद्यावर सुट्या येतात आणि तिथे किती अक्षरांची जागा आहे, हे लिहून द्या. तुम्ही अडलेले वाक्प्रचारही खूण करून द्या, आणि करून बघितलेला पर्याय शेजारी ठेवा. तो चुकलेला असला तरी तुम्हाला काय म्हणायचं होतं ते त्यातून समजतं.